पितळेचं इंग्रजी

नाशिकरोडला जेल रोडच्या बाजूला आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा इमारतीच्या जिन्याला अजून रंगाचा वास येत होता. नव्वदीच्या मध्याची गोष्ट. सामानाचा टेम्पो खाली उभा होता, नवरा हमालांच्या मागे मागे धावत होता आणि मी स्वयंपाकघरात खोकी उघडत बसले होते. तेवढ्यात समोरच्या दारातून एक बाई आत आल्या. साधारण माझ्याच वयाच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर कमरेला खोचलेला. नाव-गाव काही विचारलं नाही. माझ्या उघड्या खोक्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या,

"कुकर हाय का तुमच्याकडं?"

"आहे."

"मंग त्याची शिट्टी द्या जरा. माझी कुठं घरंगळली कोण जाणे. डाळ झाली की आणून देते."

कुणी कुकर मागितलेला मी ऐकला होता. नुसती शिट्टी मागणारं माणूस पहिल्यांदाच बघत होते. पण पहिलाच दिवस, शेजार धरायचा, म्हणून दिली. संध्याकाळी नव्या घरातला पहिला वरणभात लावायला गेले, तर शिट्टी अजून समोरच्या घरीच. आणायला गेले तर म्हणाल्या, "आत्ताच भात लावला बघा. बसा की, घाई काय हाय?" मी बसले. चहा झाला. मखमलाबादकडं त्यांच्या माहेरचा मळा होता, तिथले पेरू झाले. त्यांच्या मुलीनं पाढे म्हणून दाखवले. रात्री आमच्याकडं वरणभाताऐवजी दूध-पोळी झाली, आणि नवऱ्यानं विचारलं, "नवीन घराचा मुहूर्त दूध-पोळीनं करतात का तुमच्या बागलाणात?"

या आमच्या समोरच्या वहिनी. पुढच्या वर्षभरात त्यांनी आमच्याकडून काय नेलं नाही! इस्त्री नेली, पुरणयंत्र नेलं, बाजाराला जायचं म्हणून माझ्या नव्या चपला घालून गेल्या. एकदा तर सासूबाईंचा चष्मा नेला. त्यांच्या घरी गावाहून मामंजी आले होते आणि त्यांना पेपर वाचायचा होता. सासूबाई दिवसभर चाचपडत होत्या आणि पोथी मला वाचून दाखवावी लागली. मागताना वहिनींच्या चेहऱ्यावर संकोचाची एक रेघ उमटायची नाही. आम्ही सगळ्या जणी चरफडायचो, पण तोंडावर बोलायची हिंमत कुणात नव्हती.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. देवळाली कॅम्पातल्या एका इंग्रजी शाळेत त्यांचा जन्म गेला होता. लष्करातल्या लोकांची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. स्टार्च केलेली सुती साडी, मनगटावर बारीक घड्याळ, चालताना हातात छत्री. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. आमच्या सगळ्यांची मुलं तेव्हा नुकती इंग्रजी माध्यमात जायला लागली होती. डायरीत शिक्षकांनी काय लिहिलंय ते मुलांनाच विचारावं लागायचं, आणि मुलं सोयीचं तेवढंच सांगायची. म्हणून आम्ही बाईंच्या मागे लागलो. त्यांनी दुपारी घरीच क्लास सुरू केला. मी, वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या वहिनी आणि आणखी दोघी-तिघी. बाईंचा नियम असा, की मराठी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून यायची. मला तो नियम फार जड जायचा. घाईत बोलले की माझ्या तोंडून अजूनही ‘आहे’च्या जागी माहेरच्या अहिराणीतलं ‘शे’ निसटायचं. तिथं इंग्रजी कुठून आणू?

बाई रोज फळ्यावर एक वाक्प्रचार लिहायच्या. एका दुपारी त्यांनी लिहिला, ‘बोल्ड ॲज ब्रास’. ब्रास म्हणजे पितळ. पितळेइतका धीट, असा शब्दाला शब्द लावून अर्थ निघतो. पण वापरतात तो निलाजऱ्या माणसासाठी. लोक काय म्हणतील याची काडीची पर्वा नसलेला, असं बाईंनी समजावलं आणि म्हणाल्या, "वाक्यात उपयोग करा."

आम्ही वह्यांत डोकं खुपसलं, एवढ्यात दार उघडलं आणि समोरच्या वहिनी आत आल्या.

"ताई, जरा उठता का?" त्या मला म्हणाल्या.

मला वाटलं, घरी काहीतरी झालं. मी घाबरून उठले. त्यांनी माझ्या बुडाखालची खुर्ची उचलली.

"पाहुणे आलेत. दोन खुर्च्या कमी पडतात. बाई, एक नेऊ ना?"

आणि निघाल्या. मी वही हातात घेऊन उभीच. बँकवाल्या वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "शी इज बोल्ड ॲज ब्रास." वाक्यात उपयोग इतका चपखल झाला होता, की आम्ही सगळ्या फस्सकन हसलो. बाईसुद्धा हसल्या. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

वहिनी दारात थांबल्या. खुर्ची दोन्ही हातांत, पोटाशी धरलेली.

"मला म्हणाल्या का काय? काय म्हणाल्या?"

हसू जागच्या जागी जिरलं. बँकवाल्या वहिनींनी पेन उघडून बंद केलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

"ब्रास म्हणाल्या ना? मी ऐकलं. आमचा भाऊ विटा-वाळूचं काम करतो. वाळू मोजायचा ब्रास मला ठाऊक हाय. माझा अन् वाळूचा काय संबंध?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी घसा साफ केला.

"वाळूचा नाही. ब्रास म्हणजे पितळ. पितळेसारखी… म्हणजे धीट. कुणाला न घाबरणारी. घासलं की लखलखणारी."

"मी?" वहिनींचा चेहरा असा काही फुलला, की मला मान वर करवेना.

"हो. तुम्हीच," बाई म्हणाल्या.

वहिनींनी खुर्ची तिथंच दारात मांडली आणि तिच्यावर बसल्या. "मंग मीबी येते उद्यापासून क्लासला. पोरगी घरी फाडफाड विंग्रजी बोलते, मला निस्तं ‘येस’ येतं." पाहुणे वर ताटकळत होते. थोड्या वेळानं त्यांच्या मुलीनं जिन्यातून हाक मारली, तेव्हा त्या उठल्या. खुर्ची अर्थातच घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या नियमानं यायला लागल्या. वही मुलीची अर्धी वापरलेली, पेन माझं. सातवीपर्यंत शिकलेली इंग्रजी अक्षरं त्या विसरल्या होत्या. तरी बोलायची भीती अजिबात नाही. आम्ही वाक्य डोक्यात चार वेळा घोळवून शेवटी गिळायचो. त्या चुकीचं का होईना, मोठ्यानं बोलून मोकळ्या व्हायच्या. पण त्यांचं खरं प्रेम त्या एका वाक्यावर. गॅसवाल्यानं सिलिंडर खालीच ठेवला की म्हणायच्या, "वर आण. मी कोण हाय ठाऊक हाय का? बोल्ड ॲज ब्रास!" सिटीबसच्या कंडक्टरला म्हणाल्या. दूधवाल्याला म्हणाल्या. बाजारात पुदिनेवालीला म्हणाल्या, आणि तिनं घाबरून एक जुडी जास्त घातली. त्यांचे यजमान एका कारखान्यात होते, अतिशय अबोल माणूस. ते एकदा जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या क्लासात दुसरं काही शिकवत नाहीत का?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळस झाला. बाईंच्या हॉलमध्येच सगळ्या जमल्या होत्या. उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. समोरच्या वहिनी उठून मधोमध उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

"हळदीकुंकवाला जमल्या बायका खास,
अमक्या रावांची बायको बोल्ड ॲज ब्रास!"

यजमानांचं नाव त्यांनी खणखणीत घेतलं होतं; इथं मी ते गाळते. टाळ्या पडल्या. इमारतीतल्या ज्यांना अर्थ ठाऊक नव्हता त्यांनी मनापासून वाजवल्या, आणि आम्ही क्लासवाल्या तिळगुळाच्या वाट्यांवर वाकून खांदे हलवत होतो. बाई मात्र हसल्या नाहीत. सगळ्या गेल्यावर मी वाट्या विसळायला थांबले, तर त्या म्हणाल्या, "हे मी फार चुकीचं केलं. तिला सांगायला हवं." पण सांगायचं कसं, ते त्यांनाही सुचेना आणि मलाही.

त्याच उन्हाळ्यात गच्चीचं प्रकरण झालं.

आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली बिल्डरकडे होती. त्याला म्हणे वर आणखी एक मजला चढवायचा होता. मजला काही चढत नव्हता आणि कुलूप काही निघत नव्हतं. आधीच्या उन्हाळ्यात आम्ही वाळवणं खाली पार्किंगमध्ये घातली होती. स्कूटरी, धूळ आणि गल्लीतली एक शेळी, तिनं बँकवाल्या वहिनींचे निम्मे पापड खाल्ले. पुरुषमंडळी बिल्डरला भेटायला जायची आणि चहा पिऊन परत यायची. "देतो म्हणालाय," हे उत्तर आम्हाला पाठ झालं होतं.

यंदा मात्र त्यानं दिवस ठरवून शब्द दिला. गुरुवारी सकाळी माणूस किल्ली घेऊन येईल. त्या भरवशावर आम्ही चार घरांनी मिळून कुरडयांचे गहू भिजत घातले. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा आणि सकाळी उठून तो शिजवायचा. एवढा खटाटोप. आणि शिजलेला चीक थांबत नाही. गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो. गार झाला की गोळा.

गुरुवारी उजाडलं. बँकवाल्या वहिनींच्या घरी भलंमोठं पातेलं शिजत होतं, आम्ही आळीपाळीनं घोटत होतो. माणूस आला नाही. फोन केला, तर साहेब पूजेत आहेत. पुन्हा केला, तर साहेब नाश्ता करताहेत. चीक तयार झाला, चकाकायला लागला, आणि आम्ही हताश होऊन त्याच्याभोवती उभ्या राहिलो. बँकवाल्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झाकण ठेवा," समोरच्या वहिनी म्हणाल्या. "अन् गोधडी आणा."

"कशाला?"

"पातेल्याला गुंडाळायला. बिल्डर राहतो ते दोन गल्ल्या पलीकडं ना? त्याच्या अंगणात ऊन चांगलं येतं. मी बघितलंय."

आम्हाला आधी समजेना. समजलं तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, असं कसं जायचं? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? कुरडया घालायला चालल्या म्हणतील."

त्यांनी पातेल्याची एक कडी धरली. दुसरी धरायला कुणी पुढे होईना, म्हणून शेवटी मी धरली. सोरे, पाट, जुन्या साड्या, तेलाची वाटी घेऊन बाकीच्या मागे. पहिल्या मजल्यावर बाई दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलं आणि आत जाऊन छत्री घेऊन आल्या. म्हणाल्या, "मीही येते. वयस्क माणूस बरोबर असलेलं बरं." सकाळच्या उन्हात आमची वरात निघाली. मधे गोधडीत गुंडाळलेलं वाफाळतं पातेलं, मागे छत्री. रिक्षावाले थांबून बघत होते.

बिल्डरचा बंगला ऐसपैस होता. फाटकाच्या आत चकचकीत फरशीचं अंगण, त्यात पांढरी गाडी. वॉचमननं विचारलं, "कुठं?" वहिनी म्हणाल्या, "साहेबांनीच बोलावलंय," आणि तो बाजूला झाला. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "हे खरं नाही ना?" मी म्हटलं, "नाही."

अंगणात साड्या अंथरल्या गेल्या. वहिनींनी सोऱ्यात चीक भरला, मांडी ठोकून बसल्या आणि पहिली कुरडई घातली. पांढरीशुभ्र, जाळीदार, गरगरीत. मग आम्हीही बसलो. हात चालू लागले तशी भीती जरा कमी झाली. चार-पाच रांगा भरल्या असतील, तोवर बिल्डर बाहेर आला. लेंगा, बनियन, हातात चहाचा कप.

"अरे! हे काय चाललंय?"

"राम राम शेठ," वहिनी म्हणाल्या. हात थांबला नाही. "तुमचा माणूस आला नाय. म्हटलं, शेठला त्रास कशाला? आपणच जाऊ."

"अहो ताई, पण हे माझं घर आहे."

"ती इमारत आमचंबी घरच हाय की. त्याच्या गच्चीला तुमचं कुलूप. मंग आमचं वाळवण तुमच्या अंगणात. बरोबर हाय ना?"

त्यानं आमच्यात कुणी शहाणंसुरतं दिसतंय का ते पाहिलं. त्याला छत्रीवाल्या बाई दिसल्या. "मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना."

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आज किल्ली देणार होतात. मी साक्षीला आहे."

"देतो हो, उद्या देतो. नक्की."

"उद्या पापड हायेत," वहिनी म्हणाल्या. "ते गाडीच्या टपावर घातले तर चालतील का? टप चांगला तापतो. परवा सांडगे. अन् सोमवारी मिरच्या. या फाटकापासून त्या दारापर्यंत पसरीन म्हणते. लय तिखट मिरची हाय शेठ, वारा सुटला की घरात नाकं पुसत बसाल. आत्ताच सांगून ठेवते."

बिल्डर आमच्याकडे बघत होता आणि त्याचा चहा निवत होता. आतून त्याची बायको आली, हात जोडून हसली आणि एक कुरडई निरखायला वाकली. जिन्यात त्याची कॉलेजातली मुलगी उभी होती; तिला सगळा प्रकार सिनेमासारखा वाटत होता.

"कमाल आहे तुमची," बिल्डर म्हणाला. "बाईमाणसानं एवढं… कुणाच्याही घरात घुसून…"

वहिनी उठल्या. चिकाचे हात कमरेवर ठेवले आणि मान ताठ करून म्हणाल्या, "आय ॲम बोल्ड ॲज ब्रास!"

"ब्रास?" बिल्डर गोंधळला. "कोणता ब्रास? वाळू कुणी मागवली?"

वरून मुलगी खिदळली. "वाळू नाही हो पप्पा! बोल्ड ॲज ब्रास म्हणजे निर्लज्ज. त्या म्हणताहेत, मी निर्लज्ज आहे. स्वतःच म्हणताहेत!"

वॉचमनसुद्धा फाटकातून बघत होता. माझ्या हातातला सोऱ्या अर्ध्या कुरडईवर थांबला आणि चिकाची तार लोंबत राहिली. पितळ उघडं पडणं म्हणजे काय ते त्या क्षणी मला कळलं, फक्त ते आमचं होतं. वहिनींनी मुलीकडे पाहिलं, मग वळून बाईंकडे पाहिलं.

"खरं का बाई?"

बाईंनी छत्री मिटली. "हो. खरं आहे. मी तुम्हाला खोटा अर्थ सांगितला होता."

वहिनींचे डोळे आमच्या एकेकीच्या तोंडावरून फिरले. आम्ही खाली बघितलं. मग त्या पुन्हा बिल्डरकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज आधीपेक्षा हळू होता.

"ऐकलं ना शेठ, तुमची पोरगी काय म्हणाली ते? खरंच हाय ते. मला लाज नाय. मी रोज येईन. आता किल्ली द्या."

त्याची बायको आत गेली आणि किल्ली घेऊन आली. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. वहिनींचे हात चिकाचे होते, म्हणून तिनं ती त्यांच्या कनवटीला स्वतः खोचली. बिल्डर "अगं, अगं" करत राहिला. मग तिनं आम्हाला चहा दिला आणि संध्याकाळी वाळलेल्या कुरडया डब्यात भरून पाठवते म्हणाली. आम्ही उरलेला चीक तिथंच संपवला.

खरं तर परतताना नाचत यायला हवं होतं. पण वहिनी पुढे एकट्याच चालत होत्या, रिकामं पातेलं डोक्यावर घेऊन. घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

गच्ची उघडली. सगळ्या घरांची वाळवणं वर गेली, मुलं पतंग घेऊन गेली. वहिनी आल्या नाहीत. क्लासलाही आल्या नाहीत. आमच्याकडे काही मागायला आल्या नाहीत. सासूबाईंनाही चुकल्यासारखं झालं. त्या सारख्या म्हणायच्या, "समोर आजारी आहेत का गं कुणी?" एका दुपारी मीच धीर करून गेले. त्या कोथिंबीर निवडत होत्या. "या," म्हणाल्या, पण बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "वहिनी, रागावलात?"

"राग नाय हो." त्या देठ तोडत राहिल्या. "आमच्या मळ्यात कुणाच्या दाराला कडी नव्हती. ज्याला जे लागेल ते तो न्यायचा. आमचंबी न्यायचे. इथं आले तर तुम्ही कधी काही मागायलाच यायच्या नाय. मला वाटायचं, लाजतात. म्हटलं, आपणच सुरुवात करावी. अन् क्लासात तुम्ही हसायच्या, तर मला वाटायचं, मजा येती म्हणून हसतात."

मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर कोथिंबीर निवडायला लागले.

आम्ही निवडत असतानाच जिन्यात छत्रीची काठी वाजली. बाईंचे गुडघे दुखायचे, त्या कधी वर चढून येत नसत. आल्या, दम लागलेला, आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवलं. एकाही मुलाला कधी चुकीचा अर्थ सांगितला नाही. तुम्हाला सांगितला. माफी मागायला आले आहे."

वहिनी गडबडीनं उठल्या. "बाई, आधी बसा. पाय दुखतात ना?" बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "का सांगितला पण?"

"तुम्ही दारात उभ्या होतात. इतक्या विश्वासानं विचारलंत, की खरं सांगवेना."

वहिनींनी पाण्याचा रिकामा पेला बाईंच्या हातातून घेतला. मग त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

"तुमचा खोटा अर्थ लय चांगला व्हता, बाई."

"तो अर्थही तुमचाच आहे," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी अंगणात मी पाहिला."

"मंग त्या अर्थाला विंग्रजीत खरं काय म्हणतात? तो शिकवा."

बाईंनी विचार केला. "फिअरलेस."

"फिअरलेस," वहिनींनी दोनदा म्हणून पाहिलं. नाक मुरडलं. "त्यात मजा नाय. तोंडात बसत नाय. ब्रासच राहू द्या." आणि तिघीही हसलो; बाईंना तर ठसका लागला.

मग क्लास पुढं बरीच वर्षं चालला. वहिनी कधीच वर्ग बुडवायच्या नाहीत. पालकसभेत त्यांनी इंग्रजीत विचारलेले प्रश्न शाळेला झेपायचे नाहीत. एकदा त्यांच्या मुलीनं लाजून चेहरा ओढणीत लपवला होता, पण नंतर तिनंच ते प्रश्न मैत्रिणींना रंगवून सांगितले. आम्ही हळूहळू एकमेकींच्या घरातून वस्तू आणायला शिकलो. माझी सुरुवात झाऱ्यानं झाली, मागताना माझी जीभ अडखळली, आणि वहिनी म्हणाल्या, "असं नाय. जोरात मागा." मला ते बऱ्यापैकी जमायला लागलं.

नव्या शतकाची काही वर्षं गेल्यावर बाईंना एकटं राहणं झेपेना. त्यांची मुलगी नागपूरला होती, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं. जावई न्यायला आले होते. आम्ही सगळ्या नाशिकरोड स्टेशनवर पोचवायला गेलो. दुपारची गाडी. बाईंना वरचा बर्थ मिळाला होता आणि खाली कानात इअरफोन घातलेला एक तरुण बसला होता. जावई संकोचून उभे होते. वहिनी आमच्या पिशव्या ओलांडून डब्यात चढल्या. खिडकीतून आम्हाला दिसत होतं. त्यांनी त्याच्या कानातला इअरफोन दोन बोटांनी काढला आणि इंग्रजीत त्याच्याशी काहीतरी बोलल्या. तो पोरगा हसत उठला आणि स्वतःची बॅग वर टाकून चढला. वहिनींनी बाईंना खालच्या बर्थवर बसवलं, पायाखाली पिशवी सरकवली आणि शेजारी बसल्या.

गाडीनं शिट्टी दिली. आम्ही ओरडलो, "वहिनी, उतरा!" गाडी हलली. खिडकीतून त्यांचा हात दिसला, आमच्याकडे हलताना. आणि त्या गेल्या. त्यांची पर्स माझ्या हातात, चष्मा बँकवाल्या वहिनींच्या हातात. आम्ही प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं एकमेकींकडे बघत राहिलो.

संध्याकाळी त्या परत आल्या. मनमाडला उतरल्या होत्या. तिकीट नाही, पर्स नाही. टीसीला सगळी हकीकत सांगितली, तर त्यानं चहा पाजला आणि उलट्या गाडीत स्वतः बसवून दिलं. त्यांचे यजमान जिन्यात उभे होते, डोक्याला हात लावून. आम्ही सगळ्या जमलो होतो. मी जरा चिडूनच म्हटलं, "अहो, गाडी हलली ते कळलं नाही का तुम्हाला? एवढ्या हाका मारल्या आम्ही."

"कळलं की," वहिनी पायातल्या चपला काढत म्हणाल्या. "बाईंनी हात धरला व्हता. सोडवेना त्यांना. मंग मीबी नाय सोडवला."